अलिबागचा पाण्यातला किल्ला

आपण कर्जत-खालापूरची माणसे डोंगराकडची. समुद्र आपल्याच जिल्ह्यात, पण त्याची रीत आपल्याला ठाऊक नसते.

अलिबागला समोरच पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. ओहोटीला किल्ल्यात पायी जाता येते. आत गणपतीचे देऊळ आहे. भोवती सगळे खारे पाणी, तरी आत गोड्या पाण्याची विहीर आहे!

पण तिथे फार रमू नका. पाणी सुमारे सहा तास ओसरते, मग सहा तास चढते. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज धरू नये. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. पावसाळ्यात तर पायी नकोच.

परत आल्यावर गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहा. ते १७२९ साली वारले. तिथे कितीही वेळ बसा.