मणी घडतो थंड होताना

बुलढाणा जिल्ह्यातले सगळ्यात जुने काचेचे गोळे कुणा कारागिराच्या हातचे नाहीत. लोणारला अशनी आदळला, दख्खनचा काळा बेसॉल्ट वितळून हवेत उडाला आणि त्याचे थेंब थिजून काच झाले. 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवराभोवतीच्या मातीत भूवैज्ञानिकांना असे गोलक सापडले आहेत. त्यांतले कित्येक एक मिलिमीटरहूनही बारीक आहेत. विवराचं वय पूर्वी 50 हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनानं ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेलं.

काचमणी करणाऱ्याला या गोलकांपासून एक मोठी गोष्ट शिकता येते. ते काही क्षणांत थंड झाले, तरी टिकले. घरातल्या बर्नरवर केलेला लिंबाएवढा मणी मात्र ज्योतीतून काढून तसाच फरशीवर ठेवला, तर बहुधा तडकतो. कधी काही मिनिटांत, तर कधी आठवड्याभरानं, कुणी हातही न लावता. फरक आकाराचा आहे. बारीक थेंबाचा गाभा आणि पृष्ठभाग जवळजवळ एकदमच थंड होतात. मोठ्या मण्याची बाहेरची बाजू आधी आवळून घट्ट होते आणि आतली काच नंतर आकसू लागते. तोवर बाहेरचं कवच हलायला तयार नसतं. या ओढाताणीचा ताण काचेत कायमचा अडकून बसतो.

तो ताण काढून टाकण्याच्या कामाला अनीलिंग म्हणतात. काचमण्याच्या कलेत डोळ्यांत भरतात ती ज्योत आणि फुंकर, पण मण्याचं आयुष्य ठरतं ते अनीलिंगच्या पेटीत.

आपल्या भागाला काचमणी परका नाही. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळातले मणी मोठ्या संख्येनं मिळाले. भारतीय काचेचा इतिहास सलगपणे मांडला तो मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञानं; त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1969 साली मुंबई विद्यापीठानं प्रसिद्ध केला. सातवाहनकाळचे बहुतेक काचमणी एकतर काचेची लांब नळी ओढून, तिचे तुकडे करून केलेले असत, नाहीतर तारेवर काच गुंडाळून. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीतही काचेचाच मणी असतो. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात आजही मण्यांचाच धंदा चालतो. पोतीतल्यासारख्या लहान मण्याला गरम राखेत पुरून ठेवलं तरी बहुतेकदा भागतं. मोठ्या मण्याला तेवढ्यानं भागत नाही.

मोठा मणी फुंकून पोकळ करायचा तो वजन कमी राहावं म्हणून. 30 मिलिमीटर व्यासाचा बोरोसिलिकेट काचेचा भरीव मणी सुमारे 31 ग्रॅम भरतो. तोच दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा पोकळ केला, तर 11 ग्रॅमच्या आसपास. अशा पाच मण्यांची माळ गळ्याला जड होत नाही. फुंकलेल्या काचेशी इथल्या तांड्यांची ओळख वेगळ्या वाटेनं आहे. बंजारा बायकांच्या कांचळीवर चमकणारी आभली, म्हणजे आरशाचे तुकडे, परंपरेनं फुंकलेल्या काचेपासूनच होत. गुजरातेत कपडवंजचे कारागीर काचेचा मोठा फुगा फुंकत, त्याला आतून धातूचा लेप देत आणि मग तो फोडून त्याचे तुकडे कापत. म्हणून जुन्या आभल्याला हलकासा बाक असतो.

घरच्या कामाला बोरोसिलिकेटची नळी सोयीची. तिचं एक तोंड ज्योतीत बंद करायचं आणि नळी सतत फिरवत तेवढाच भाग तापवायचा. काच मऊ होऊन गोळा होते, भिंत जाड होते. फुंकर ज्योतीत असताना घालायची नाही, कारण पातळ झालेली जागा तिथे आणखी तापते आणि फुगून फुटते. नळी बाहेर काढून क्षणभर थांबायचं. पातळ जागा आधी थंड होऊन आखडते, जाड जागा अजून मऊ असते, आणि आता हलकेच फुंकलं की जाड जागाच फुगते. भिंत आपोआप सारखी होत जाते. हात मात्र फिरता राहिला पाहिजे. थांबला की मणी एका बाजूला लोंबलाच. मग बंद टोकाला भोक पाडून दोन्ही भोकांच्या कडा ज्योतीत गोल करायच्या. कडेला काच जाड असते, म्हणून ताण सगळ्यात जास्त तिथेच दडतो.

आता पेटी. भट्टीच्या हलक्या विटा, विजेची तार, तापमान मोजणारं थर्मोकपल आणि ते राखणारा कंट्रोलर एवढ्यावर ती उभी राहते. पेटी आधीच तापलेली हवी. बोरोसिलिकेटसाठी 560 अंश सेल्सिअसच्या आसपास, बांगडीच्या किंवा बाटलीच्या जातीच्या काचेसाठी साधारण 500 ते 550. मणी ज्योतीतून थेट पेटीत जातो. त्या तापमानाला काच आकार सोडत नाही, पण आतून इतपत सैल असते की ताण काही मिनिटांत विरतो. अर्धा-पाऊण तास तिथे ठेवून मिनिटाला एक-दोन अंशांनी 500 च्या खाली उतरायचं, मग थोडा वेग वाढवायचा. पेटी हाताला गार लागेपर्यंत उघडायची नाही. भिंतीची जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ साधारण चौपट होतो. पोकळ मण्याचा हा दुसरा फायदा.

वीज मध्येच गेली तर? पेटीच्या विटा चांगल्या असतील तर उष्णता धरून ठेवतात, आणि 500 च्या बऱ्याच खाली आलेल्या मण्याला फारसा धोका नसतो. शंका वाटली तर मणी पुन्हा हळूहळू तापवून सगळा क्रम नव्यानं करता येतो. तडा गेलेला नसेल, तर अनीलिंगला दुसरी संधी असते.

ताण गेला की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला सोपा उपाय आहे. एलसीडी स्क्रीनवर कोरा पांढरा पडदा लावायचा, समोर पोलराइज्ड गॉगल धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवायचा आणि मधे मणी धरायचा. निर्दोष मणी काळ्या पडद्यात जवळपास विरून जातो. ताण असेल तर भोकाच्या कडेला उजळ पट्टे उमटतात.

अनीलिंगही जे दुरुस्त करू शकत नाही, ते म्हणजे दोन जातींच्या काचांचा मेळ. तापल्यावर बाटलीची काच बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. त्यामुळे फुटक्या बांगडीचा हिरवा ठिपका बोरोसिलिकेटच्या मण्यावर चिकटतो, पण थंड होताना सुटतो किंवा मण्यालाच फोडतो. एका मण्यात एकाच जातीची काच, हा नियम मोडता येत नाही. आणि हे काम स्वयंपाकघरातलं नव्हे. हवा खेळती असलेली वेगळी खोली हवी, सोडियमचा पिवळा झगझगाट अडवणारा डिडिमियम चष्मा हवा, आणि सिलिंडर घरगुती नव्हे, व्यावसायिक जोडणीचा हवा.

महाराष्ट्राला काच सावकाश थंड करण्याची शिस्त नवी नाही. स्वदेशीच्या चळवळीत तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. कंदिलाची काच रोज तापते, रोज निवते. ती टिकते ती कारखान्यात सावकाश थंड केलेली असते म्हणूनच.

बुलढाणा जिल्ह्यात या कलेला जागा आहे, असं मला मनापासून वाटतं. खामगावची चांदीची पेठ दूरवर नावाजलेली आहे. ज्योत, चिमटा, फुंकणी आणि धातूचा रंग बघून ताव ओळखणं ही तिथल्या कारागिराची रोजची विद्या. चांदीच्या कोंदणातला फुंकलेला मोठा मणी हा त्या पेठेला शोभणारा दागिना होईल. फक्त लोणारच्या काचेला कुणी हात लावू नये. ते विवर राष्ट्रीय भूवारसा आहे, आणि तिथला प्रत्येक गोलक जागेवर असेल तरच अभ्यासकाशी बोलतो.

ज्याला हे काम घरी सुरू करायचं आहे, त्याच्यासाठी खरेदीचा क्रम असा: आधी पेटी, मग पोलराइज्ड गॉगल, मग एका जातीची काच आणि सगळ्यात शेवटी बर्नर. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि पहिल्या महिन्याचे सगळे मणी गमावतात.