फाटलेला ओठ : कथन, नोंद आणि संकेतांक

ओठ फाटला म्हणून रुग्णालयात आलेल्या माणसाच्या दुखापतीला तीन रूपे प्राप्त होतात : त्याने सांगितलेली हकीकत, डॉक्टरने लिहिलेली नोंद आणि त्या नोंदीवरून ठरणारा संकेतांक. प्रत्येक टप्प्यावर आशयाचा काही अंश गळतो. अनुवादमीमांसेच्या अभ्यासकांना हा व्यवहार अपरिचित नाही. येथील लक्ष्यभाषा तेवढी अक्षरे आणि अंक यांचीच आहे.

या भाषेचा मूळ पाठ म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. झाक बेर्तियों यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीपासून त्याची परंपरा सुरू होते. त्याच्या दहाव्या आवृत्तीला जागतिक आरोग्य सभेने १९९० मध्ये मान्यता दिली. या आवृत्तीत ओठ आणि मुखपोकळी यांच्या उघड्या जखमांसाठी एस०१.५ हा एकच संकेतांक आहे. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या विस्तारित पाठात मात्र ओठ आणि मुखपोकळी वेगळी झाली. तेथे एस०१.५११ म्हणजे बाह्य वस्तू न राहिलेली ओठाची फाटीव जखम आणि एस०१.५१२ म्हणजे तशीच मुखपोकळीतील जखम. खुपसल्याने वा चाव्याने झालेल्या जखमांचे अंक निराळे आहेत. स्वतःच्याच दाताचा तुटका तुकडा ओठात रुतला, तरी वैद्यकाच्या लेखी ती परकी वस्तू ठरते.

या विस्तारातील सूक्ष्मता एकसारखी नाही. वरचा ओठ फाटला की खालचा, हे संकेतांक सांगत नाही. जीभ, टाळू आणि हिरडी यांच्या फाटीव जखमा एस०१.५१२ या एकाच अंकाखाली येतात. दातांचे मात्र वेगळे : तुटलेला दात एस०२.५ मध्ये, निखळलेला एस०३.२ मध्ये. ज्या भाषांच्या वर्णमाला ओष्ठ्य, दंत्य, तालव्य अशा उच्चारस्थानांवर उभ्या आहेत, त्या भाषांच्या वाचकाला हे एकत्रीकरण खटकेल. प्रातिशाख्यकारांनी मुखाचे विभाजन ध्वनीसाठी केले, येथे ते मोजणीसाठी आहे. प्रयोजन बदलले की अवयवाच्या सीमाही बदलतात.

सुश्रुतसंहितेशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. सुश्रुताने सद्योव्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले. विद्ध आणि खुपसल्याची जखम यांत सरळ साम्य दिसते. घृष्टाच्या जवळचे खरचटणे आधुनिक वर्गीकरणात एस००.५ या वरवरच्या इजांच्या गटात जाते. तुटलेला ओठ सांधण्याचा विधी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नासासंधानाला जोडून येतो. सुश्रुताचे वर्ग शस्त्र हाती धरणाऱ्यासाठी आहेत. आधुनिक वर्ग आकडेवारीसाठी आणि अमेरिकेत विम्याच्या देयकासाठीही वापरले जातात. केवळ नामसाम्यावरून दोन्ही परंपरा समान मानणे उथळपणाचे ठरेल.

अमेरिकी संकेतांकाचे सातवे स्थान विशेष लक्षणीय आहे, कारण तेथे जवळजवळ क्रियापदाचा काळ अवतरतो. 'ए' म्हणजे उपचार चालू आहेत, 'डी' म्हणजे जखम भरून येण्याच्या काळातील भेट, 'एस' म्हणजे मागे राहिलेला परिणाम. 'ए' म्हणजे पहिली भेट असा समज होतो, तो चुकीचा. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत तेच अक्षर राहते. वर्षभराने उरलेल्या व्रणासाठी रुग्ण आला, तर आधी व्रणाचा अंक आणि मागून मूळ जखमेचा 'एस' लावलेला अंक असा क्रम असतो.

हा पाठ वाचणारा कोडर रुग्णाला पाहत नाही. अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदी हैदराबाद, चेन्नई, नवी मुंबई येथे बसून वाचल्या जातात. त्या वाचनाचा नियम कडक आहे : डॉक्टरने जे लिहिले नाही ते घडले असे मानायचे नाही. नोंदीत 'ओठाला टाके घातले' एवढेच असेल, तर दुरुस्तीचा योग्य अंक ठरत नाही. जखमेची लांबी सेंटिमीटरमध्ये किती, ती ओठाच्या पूर्ण जाडीतून आरपार गेली काय, केवळ लाल भागापुरती होती की ओठाच्या उभ्या उंचीच्या निम्म्याहून अधिक पसरली, हे डॉक्टरच्या शब्दांत असावे लागते. संदिग्धता असल्यास कोडर डॉक्टरला लेखी पृच्छा करतो. स्वतःचे अनुमान लिहीत नाही. अर्थनिर्णयाचे एवढे अल्प स्वातंत्र्य असलेला वाचक साहित्यव्यवहारात क्वचितच भेटेल.

खरा पेच कर्त्याचा आहे. एस०१.५५१ हा ओठाच्या उघड्या चाव्याचा अंक. चावले कोणी, हे त्यात नाही. कुत्रा चावला असल्यास डब्ल्यू५४.०, माणसाने चुकून चावल्यास डब्ल्यू५०.३, हल्ल्यात चावल्यास वाय०४.१, असा दुसरा अंक जोडावा लागतो. हे बाह्य कारणांचे अंक देणे अमेरिकेत देशपातळीवर अनिवार्य नाही. राज्याने किंवा देयक भागवणाऱ्या संस्थेने मागितले तरच ते बंधनकारक होतात. परिणामी जखमेचे रूप टिकते आणि ती करणारा वाक्यातून वगळला जातो. व्याकरणाच्या परिभाषेत हा कर्तृलोप होय.

भारतात हीच दुखापत न्यायवैद्यकीय नोंदीतही जाते, आणि तेथे दंडसंहितेची सीमारेषा वेगळी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३२० नुसार दात तुटणे वा निखळणे ही जबर दुखापत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ११६ मध्येही ती तशीच आहे. केवळ फाटलेला ओठ त्या व्याख्येत सहसा बसत नाही. चेहरा कायमचा विद्रूप झाल्यास गोष्ट वेगळी. म्हणून ओठाची सूज पाहून थांबलेल्या आणि दात न तपासलेल्या डॉक्टरची नोंद गुन्ह्याचे स्वरूपच बदलू शकते.

घरात मारहाण झालेली स्त्री 'पडले' असे सांगते, तेव्हा ही नोंद अधिकच निर्णायक ठरते. अमेरिकी पाठात सिद्ध झालेल्या छळासाठी टी७४ आणि संशयित छळासाठी टी७६ असे दोन गट आहेत. त्यांतील निवड डॉक्टरच्या शब्दांवरच अवलंबून असते. पडण्याच्या वर्णनाशी ओठाच्या आतील जखम जुळत नाही, एवढे लिहून त्याने संशय स्पष्ट नोंदवला, तर कोडर टी७६ पर्यंत पोहोचतो. ते वाक्य नसेल, तर त्याच्यापुढे पडण्याचा अंक आणि ओठाचा अंक एवढेच उरतात.