चित्रांची गोष्ट कशी काढावी

पुष्कळ मुले म्हणतात, "मला माणूसच काढता येत नाही, मग चित्रकथा कशी काढू?" तर माणूस वारली चित्रातला काढा. वर उलटा त्रिकोण, खाली सुलटा. दोन्हींची टोके जोडली की धड झाले. त्यावर गोल डोके, नि हातपाय नुसत्या रेघांचे. वरचा त्रिकोण पुढे कलता काढला की माणूस वाकतो. मग तो जाळे ओढतोय हे लिहावे लागत नाही.

आपल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे अशीच माणसे काढीत. त्यांनी मासे धरायचे जाळेसुद्धा काढले आहे, केवढ्या बारीक रेघा! २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. वारली चित्राला गेरूची भिंत नि तांदळाचे पीठ लागते. आपल्याला पाटी नि खडू पुरे, रंगपेटी नको.

आता चार चौकटी आखा. आई बोंबील वाळत घालते. कावळा येतो. आजी काठी उगारते. कावळा आजीच्याच डोक्यावर बसतो! एका चौकटीत एकच काम दाखवा. आजीला सगळीकडे अंबाडा काढा, म्हणजे ती ओळखू येते. बोलणे आधी लिहा, मग भोवती फुगा काढा. फुगा आधी काढला तर अक्षरे मावत नाहीत.

शेवटची चौकट हाताने झाकून मित्राला दाखवा. "पुढे काय झालं?" असे त्याने विचारले तर गोष्ट जमली. नाही विचारले तर पाटी पुसा नि परत काढा.