खुर्ची कुणाची, प्रश्न कुणाचा?

गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ सिरोंचा आहे. येथे बहुतेक घरांत तेलुगू बोलतात, जंगलाकडच्या गावांत माडिया-गोंडी आणि कचेरीत मराठी. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटरवर, म्हणून दुखणे अवघड झाले की पुष्कळ जण नदी ओलांडून वरंगल-करीमनगरची वाट धरतात. अशा तालुक्यात दवाखान्याचा कारभार ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते, हा प्रश्न केवळ मानापानाचा राहत नाही. रुग्ण दवाखान्याची पायरी चढेल की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

संचालक मंडळांतील विविधतेची चर्चा आपल्याकडे मुख्यतः उद्योगांच्या संदर्भात झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. आरोग्यक्षेत्राचे चित्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडले. जगातील आरोग्य व समाजसेवा कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया, पण वरिष्ठ पदांवर जेमतेम २५ टक्के. म्हणजे हात बाईचे आणि हुकूम बहुधा पुरुषाचा.

पण टेबलाभोवतीची माणसे बदलल्याने नेमके काय बदलते? याचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांच्या गटाने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच सरकारी हिशेब होता. आजार नवे नव्हते. त्यांविषयी विचारणारे कोणी नव्हते. टेबलावर नवे माणूस आले की आधी बदलतो तो प्रश्न.

दुसरे उदाहरण इमारतीचे. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हे बंग दांपत्याने त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णापासून वेगळे करतात, पांढरे कापड आम्ही मृतावर घालतो आणि इथे डॉक्टर-नर्स तेच घालून फिरतात, अशी कारणे पुढे आली. मग चातगावजवळच्या शोधग्रामात झोपड्यांसारख्या खोल्यांचे रुग्णालय झाले. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येऊ लागले आणि रुग्णालयाला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. यातला एकही मुद्दा वैद्यकाच्या पुस्तकात सापडला नसता.

तिसरे उदाहरण जबाबदारीचे. त्याच संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी त्यांच्या हाती दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे, २०११ मध्ये, केंद्र सरकारने आशांमार्फत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. मात्र इथेच एक गाठ दिसते. काम गावच्या बाईपर्यंत पोचले, निर्णय पोचला का?

कागदावर त्याची सोय आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सरकारी रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या आल्या; गावपातळीवरच्या आरोग्य समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पण जिथे सदस्यत्व पदाबरोबर येते, तिथे समितीचा चेहरा अधिकारी आणि पुढाऱ्यांचाच होतो. बाहेरून घेतलेल्या सदस्याला बैठकीची भाषा कळत नसेल, तर त्याचा सहभाग सहीपुरता उरतो. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत रुळला तो अशाच अनुभवातून. खुर्ची बाईची आणि आवाज नवऱ्याचा, हे आपण पाहिले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: औषधोपचार काय मतदानाने ठरवायचे? मुळीच नाही. औषधाची मात्रा डॉक्टरनेच ठरवावी. पण बाह्यरुग्ण विभागाची वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी कोणती असावी, बाळंतिणीबरोबर आलेल्या सासूने कुठे झोपावे, सूचनाफलक कोणत्या लिपीत असावा, समितीच्या हातातला निधी आधी कशावर खर्च व्हावा, हे प्रश्न औषधशास्त्राचे नाहीत. ज्याचे जळते त्यालाच कळते.

तेव्हा सिरोंच्यासारख्या ठिकाणी विविधतेचा अर्थ अगदी साधा लावता येतो. समितीत तेलुगू आणि माडिया बोलणाऱ्या स्त्रिया असाव्यात. एकटी असली तर ती गप्प बसते, म्हणून किमान दोघी-तिघी. बैठकीत दुभाषा असावा. बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे मिळावे. इतिवृत्त वाचून, त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय त्यावर अंगठा किंवा सही घेऊ नये. आणि त्यांनी मांडलेल्या मुद्द्याचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत सर्वांत आधी सांगावे. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

१९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानले. नदीपलीकडे जाणारा रुग्ण एका अर्थी आपले मत देऊनच जात असतो. ते मत त्याने इकडच्या बैठकीत, आपल्या भाषेत मांडावे, एवढी जागा त्या टेबलाशी करायची आहे.