काढणीच्या दिवसांत, आडरस्त्याने

नाशिकहून गंगापूर रोडने निघालं की आनंदवल्लीच्या पुढेही बराच वेळ शहर पाठ सोडत नाही. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या वास्तव्यासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता इमारती आणि मंगल कार्यालयांच्या लॉन्समध्ये बुडालं आहे. सोमेश्वर मागे पडतं, गोवर्धन येतं आणि मग कुठे द्राक्षमांडवांच्या ओळी दिसू लागतात. डावीकडे गंगापूर धरणाचं पाणी, पलीकडे डोंगरांची निळसर रांग. सुला, यॉर्क आणि सोमा या तीन वायनऱ्या याच टापूत, गंगापूर-सावरगाव रस्त्याच्या आसपास आहेत. शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या एकमेकींना वाट देत उभ्या असतात. वाईनसाठी नाशिकला येणारे बहुतेक जण इथे दुपार घालवतात, सूर्यास्ताचा फोटो काढतात आणि परततात.

तेवढंही वाईट नाही. यॉर्कच्या गच्चीवरून धरणाचं पाणी सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण चाखणीच्या टेबलावर आपल्याला गोष्टीचा फक्त शेवट कळतो. सुरुवात पाहायची असेल तर जानेवारी ते मार्च या दिवसांत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी यावं आणि वायनरीच्या फाटकाइतकाच वेळ दोन वायनऱ्यांमधल्या रस्त्याला द्यावा.

नाशिकची द्राक्षं वाईनच्या कितीतरी आधीची. थॉमसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश ही नावं इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत. आपल्याकडे आधुनिक वाईन आधी गाजली ती नाशिकची नव्हे, नारायणगावची. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडाजने तिथे फसफसणारी वाईन केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात विकली. नाशिकचा अध्याय त्यानंतर दशकभराने सुरू होतो. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथल्या घरच्या जमिनीवर आले. आंबा, गुलाब, साग, खायची द्राक्षं असं बरंच करून पाहिल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातले वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना हाताशी धरलं आणि सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ ही फ्रेंच वाणं मुरमाड माळावर लावली. आईच्या सुलभा या नावावरून वायनरीचं नाव सुला पडलं. पहिली बाटली २००० साली बाहेर आली. २००५ साली त्यांनी पाहुण्यांसाठी चाखणीची खोली उघडली आणि 'वायनरी पाहायला जाणं' हा प्रकार महाराष्ट्राला ठाऊक झाला. शेजारची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाने उभी केलेली वायनरी. २०२१ मध्ये तीही सुलाकडे गेली.

वायनरीची फेरी सगळीकडे साधारण सारखीच असते. द्राक्षं चिरडणारं यंत्र, मग पोलादी टाक्या. पांढऱ्या वाईनचा रस सालीपासून लगेच वेगळा करतात आणि थंड टाकीत सावकाश आंबवतात. लाल वाईनमध्ये साल रसातच ठेवतात, कारण रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात. पुढे तळघरात ओकची पिपं. एका पिपात सव्वादोनशे लिटर वाईन मावते. गाइड हे सगळं पाठ म्हणून दाखवतो, आणि गटातल्या निम्म्या लोकांचं लक्ष ग्लास कधी मिळणार याकडे असतं. काढणीच्या दिवसांत मात्र हीच फेरी बदलते. अंगणात क्रेटने भरलेले ट्रॅक्टर उभे असतात, फरशी रसाने चिकट झालेली असते आणि सगळीकडे आंबूस-गोड वास भरून राहिलेला असतो. ऑगस्टमध्ये येणाऱ्याला हिरवेगार डोंगर मिळतात, पण टाक्या गप्प असतात.

बागेत शिरलं की पहिली गंमत कळते ती वेळापत्रकाची. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास उतरतात. आपल्या उष्ण हवेत वेलाला झोप अशी लागतच नाही. म्हणून त्याला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, म्हणजे पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. पावसाळा संपत आला की ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजेच फळछाटणी. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच. फळ पिकण्याचा काळ असा मुद्दाम हिवाळ्यात आणलेला आहे, कारण पावसात पिकलेला घड डाऊनी बुरशी आणि कुजीच्या तोंडी जातो. फ्रान्समधला वाईनवाला थंडीला भितो आणि उन्हाळ्याची वाट पाहतो. नाशिकचा त्याचा भाऊबंद उन्हाळा यायच्या आत माल उतरवायची घाई करतो.

खायची आणि वाईनची द्राक्षं शेजारच्या दोन बागांत असली तरी त्यांची निगा अगदी वेगळी. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, कुरकुरीत आणि पातळ सालीचा हवा. त्यासाठी घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचे, बायकांनी कात्री घेऊन एकेक घड विरळ करायचा. वाईनच्या द्राक्षाला हे लाड लागत नाहीत. त्याचा मणी लहान, साल जाड, आत बिया. एक तोंडात टाकून पाहा. आधी गोडी येते, मग साल दाताखाली तुरट लागते. इथे मोठ्या मण्याचं कौतुक नाही, कारण मणी जितका लहान तितका रसाच्या मानाने सालीचा वाटा जास्त. वजनाऐवजी साखर आणि आम्लता यांचा मेळ महत्त्वाचा. त्यामुळे काढणीचा दिवस वायनरी ठरवते आणि खुडा पहाटेच्या गारव्यात सुरू होतो, म्हणजे माल तापायच्या आत टाकीपर्यंत पोचावा. बाजारभावाचा जुगार नको म्हणून काही शेतकरी वायनरीशी दीर्घ मुदतीचे करार करतात. पण जिल्ह्यातल्या एकूण द्राक्षबागांत वाईनच्या वाणांचा वाटा अजूनही थोडाच आहे. जाहिरातीतल्या नाशिकमध्ये वाईनच वाईन असते. रस्त्यावरून जाताना मात्र दिसतात त्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या.

धरणाच्या कडेने पुढे गेलात तर गिरणारे लागतं. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि मजुरांच्या अड्ड्यासाठी ओळखलं जाणारं गाव. पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या पाड्यांवरून आलेली माणसं इथे सकाळी कामासाठी उभी राहतात आणि बागायतदारांच्या गाड्यांतून छाटणीला, विरळणीला, काढणीला जातात. त्यांच्या हातातली कात्री नसेल तर नाशिकच्या द्राक्षाचं काही खरं नाही. वायनरीच्या भिंतींवर मालकांचे आणि परदेशी तज्ज्ञांचे फोटो असतात. या कात्रीवाल्यांचा एखादा तरी असायला काय हरकत आहे?

गिरणाऱ्याकडून आडवं पेठ रस्त्याला यावं. आशेवाडीजवळ रामशेज उभा आहे. किल्ला बेताच्या उंचीचा, चढायला सोपा. पण १६८२ पासून पाचेक वर्षं औरंगजेबाच्या फौजांना त्याने दाद दिली नव्हती. सकाळी वर गेलात तर सभोवतालचं शिवार नकाशासारखं उलगडतं: शेततळ्यांचे चौकोन, मांडवांचे हिरवे पट्टे, मध्ये काळी मोकळी रानं. इथून पुढचा दिंडोरी तालुका हा या भटकंतीतला मला सर्वांत आवडणारा भाग. इथे वाईनची गर्दी नाही. फ्रान्सच्या मोएत हेनेसीने २०१३ साली भारतात आणलेली शाँदों इथेच तयार होऊ लागली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून फेस धरणाऱ्या वाईनचा हा प्रकार. मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. तिची द्राक्षं युरोपच्या दुकानांत जातात, मात्र फळ म्हणून.

दिंडोरीच्या या समृद्धीमागे पाणी आहे, आणि पाण्यामागे माणसं. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापू उपाध्ये आणि ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था बांधल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्याच हाती आलं. एखाद्या ग्लासातल्या वाईनचं श्रेय माती, हवा आणि ओकच्या पिपाला देताना कालव्याचा उल्लेख कुणी करत नाही. या भागात तो करायला हवा.

पूर्वेला निफाडकडे वळलं की जमीन काळी आणि सपाट होते. निफाडला महाराष्ट्राचं कॅलिफोर्निया म्हणायची जुनी पद्धत आहे, पण डिसेंबर-जानेवारीत ते नाव गमतीचं वाटतं. पारा कधी पाच अंशांच्या खाली उतरतो आणि राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत गावाचं नाव येतं. त्या रात्री बागायतदार जागाच असतो. पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटवून धूर धरायचा, वेलांना पाणी द्यायचं. कारण थंडीत खायच्या द्राक्षाची फुगवण थांबते, मण्यांवर गुलाबी छटा चढते आणि व्यापारी तो माल हातात धरत नाही. याच गार रात्रींवर वायनरीवाला मात्र खूश. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री थंडी, यामुळे द्राक्षातली आम्लता टिकते आणि वाईन बेचव होत नाही. एकाच थंडीने एका बांधावर डोळ्याला डोळा लागत नाही आणि शेजारच्या बांधावर समाधान.

याच पट्ट्यात कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो ही वायनरी आहे. त्यांनी नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो ही इटलीतली वाणं इथल्या काळ्या रानात लावली. सगळे फ्रेंच वाणांमागे धावत असताना सिसिलीच्या उष्ण बेटावरचं द्राक्ष निफाडला आणणं हा मला शहाणपणाचा निर्णय वाटतो. जवळच विंचूरचा वाईन पार्क. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले आणि विंचूर व सांगलीतल्या पलूस इथे खास वसाहती आखल्या. शेतकरीही हिरिरीने वायनरी काढायला निघाले. मग २००८ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, इंडाज कोसळली. माल घ्यायला कुणी नाही म्हटल्यावर अनेकांनी वाईनचे वेल उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. वायनरी काढणं सोपं, वाईन विकणं अवघड, हे या भागाने फार महाग शिकून घेतलं. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, त्यावर वादळ उठलं आणि तो कागदावरच राहिला. विंचूरहून परतताना नांदूर मध्यमेश्वरला थांबता येतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरला. द्राक्षांची काढणी आणि स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम एकाच ऋतूत येतो, हा योगायोग सोयीचाच आहे.

मुंबईहून येणाऱ्यांनी इगतपुरीची बाजू वेगळ्या दिवसासाठी ठेवावी. इथे पाऊस एवढा की भाताची खाचरं हेच खरं दृश्य. द्राक्ष म्हणजे पाहुणं पीक. तरी सांजेगाव-कावनईच्या परिसरात ग्रोव्हर झम्पा आणि शैलेंद्र पै यांची व्हॅलोने आहेत. व्हॅलोने लहान आहे आणि मुकणे धरणाच्या पाण्याकडे पाहत जेवता येतं. थोडक्या प्रमाणात काळजीपूर्वक केलेली लाल वाईन प्यायची असेल तर मी गंगापूर रोडपेक्षा इकडे येईन.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. हे सगळे रस्ते उसाच्या, द्राक्षांच्या ट्रॅक्टरांचे आहेत, अंधारात त्यांना मागचा दिवा असेलच असं नाही. तेव्हा गाडी चालवणाऱ्याने ग्लासला हात लावू नये, आणि लहान वायनऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून निघावं. दुसरी गोष्ट ड्राय डेची. काढणी ऐन भरात असताना मुंबईकरांना सलग सुट्टी मिळते ती बऱ्याचदा २६ जानेवारीला, आणि त्या दिवशी चाखणीची टेबलं बंद असतात. बागेतला खुडा मात्र कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही, टाक्याही नाहीत. त्या दिवशी पोचलात तर रामशेज चढा, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी पाहा, वाटेत कुठल्याही बागेबाहेर मांडलेल्या क्रेटमधून किलोभर सोनाका घ्या, आणि वाईन २७ तारखेला प्या.