कोकणचा रातांबा

सह्याद्रीवरून करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट उतरला, की वैभववाडी तालुका लागतो. येथील वाड्यांच्या आसपास व ओढ्यांच्या काठी, खाली झुकलेल्या फांद्यांचा एक गर्द वृक्ष आढळतो. त्याची कोवळी पालवी तांबूस असते; पण झाड मात्र बाराही महिने हिरवेगार राहते. हाच रातांबा होय. त्याला कोकम अथवा भिरंड असेही म्हणतात. त्याचा एक सदाहरित भाऊबंद दूर आफ्रिकेत वाढतो. त्याची नारिंगी फळे तेथील लोक आवडीने खातात.

रातांबा थंडीत फुलतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याची लिंबाएवढी फळे पिकून लालभडक होतात. फळात आंबटगोड गर असतो; पण खरे मोल सालीचे. साली उन्हात वाळवितात, फळांच्याच रसात भिजवितात आणि पुन्हा वाळवितात. असे अनेकदा केले, म्हणजे काळी, मऊ आमसुले तयार होतात. आमटीला आंबटपणा येतो तो त्यांच्यामुळे. मीठ घालून टिकविलेल्या रसाला आगळ म्हणतात. आगळ व नारळाचा रस मिळून सोलकढी होते. साखरेत मुरविलेल्या सालींपासून सरबत करतात.

बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या, की तेल वर येते. थंड होताच ते थिजते. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर ते गुणकारी असते.

मात्र या साऱ्या कामाला अवधी थोडा असतो. शेवटची फळे पिकतात न पिकतात तोच पाऊस येऊन ठेपतो. मग फळे झाडाखालीच कुजतात आणि वाळत घातलेल्या साली बुरसतात.

आणखी एक अडचण आहे. रातांब्यात नर व मादी झाडे वेगळी असतात. बी लावून वाढविलेल्या झाडांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षे लागतात. फळ देत नाही म्हणून नर झाडावर कुऱ्हाड चालविली जाते. परंतु त्याच्या परागावाचून मादी झाडाला फळ कोठून येणार? मादी झाडाच्या फांदीचे कलम बांधले, तर ते मादीच निघते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. अशा कलमांच्या बागेतही काही नर झाडे राखावी लागतात.

म्हणून मे महिना उजाडला, की कोकणातील घरांत लहानथोर सारे रातांबे वेचण्यास लागतात. पावसाआधी जेवढे हाती येते, तेवढीच घराची वर्षाची बेगमी.