फॉइल बोर्डिंगमधील हायड्रोफॉइलच्या आकाराची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

पाण्याखालील पंखाच्या आधारे नौका पाण्याबाहेर उचलण्याची कल्पना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. इटालियन अभियंते एनरिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरात अशा नौकेचे प्रयोग केले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व केसी बाल्डविन यांच्या 'एचडी-४' या नौकेने १९१९ मध्ये कॅनडात ताशी सुमारे ११४ कि.मी. वेग गाठून जागतिक विक्रम नोंदविला. हेच तत्त्व पुढे एका व्यक्तीच्या फळीला लागू झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पतंगाच्या तसेच शिडाच्या साहाय्याने चालणाऱ्या फॉइल फळ्यांच्या शर्यती मार्सेय येथे झाल्या. या क्रीडाप्रकारात नवशिक्यापुढील पहिला प्रश्न असतो तो पंखाच्या आकाराचा. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भौतिकशास्त्राच्या आधारे विचार केला आहे.

साधनाची रचना :

फळीच्या तळाला एक उभा दांडा जोडलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाशी एक आडवी नळी, नळीच्या पुढे मोठा पंख व मागे लहान पंख असतो. पुढचा पंख वजन उचलतो, तर मागचा पंख तोल स्थिर ठेवतो. बाजारात फॉइलचा 'आकार' म्हणजे सामान्यतः पुढच्या पंखाचे चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळ होय.

उचल बलाचे गणित :

उचल बल = ½ × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचे क्षेत्रफळ × उचल गुणांक

समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ कि.ग्रॅ., म्हणजे हवेच्या आठशे पटींहून अधिक असते. त्यामुळे लहानसा पंखही माणसाचे वजन पेलू शकतो. उचल गुणांक पंखाच्या छेदावर व पाण्याशी होणाऱ्या त्याच्या कोनावर अवलंबून असतो. कोन ठराविक मर्यादेपलीकडे वाढविल्यास पंखावरील प्रवाह सुटतो व बल एकाएकी घटते.

उदाहरणार्थ, चालक ७५ कि.ग्रॅ. व साहित्य १० कि.ग्रॅ. असे एकूण ८५ कि.ग्रॅ. वजन आणि ०.६ हा उचल गुणांक गृहीत धरू. मागच्या पंखाचा परिणाम येथे सोयीसाठी वगळला आहे. वजन पूर्णपणे पेलण्यासाठी लागणारा वेग पुढीलप्रमाणे येतो :

१००० चौ.सें.मी. – ताशी सुमारे १८.७ कि.मी.
१५०० चौ.सें.मी. – ताशी सुमारे १५.३ कि.मी.
२००० चौ.सें.मी. – ताशी सुमारे १३.३ कि.मी.

क्षेत्रफळ दुप्पट केले तरी वेग निम्म्यावर येत नाही, तो १.४१ ने भागला जातो. वेगाचा वर्ग सूत्रात असल्याचा हा परिणाम होय.

शरीराच्या वजनाचा प्रश्न :

प्रशिक्षणात सर्वांना एकच पंख देणे सोयीचे असले तरी योग्य नाही. वरील १५०० चौ.सें.मी.चा पंख ५५ कि.ग्रॅ. वजनाच्या विद्यार्थिनीला दिला, तर साहित्यासह ६५ कि.ग्रॅ. वजन ताशी सुमारे १३.४ कि.मी. वेगालाच उचलले जाईल. वेग ताशी २० कि.मी. झाला आणि कोन तोच राहिला, तर उचल बल वजनाच्या सुमारे सव्वादोन पट होते. ते आवरण्यासाठी तिला पुढच्या पायावर सतत भार द्यावा लागतो. तसे न जमल्यास पंख पृष्ठभागाबाहेर येतो, त्यावर हवा शिरते, बल नाहीसे होते व फळी कोसळते. ७५ कि.ग्रॅ.च्या चालकाइतक्याच वेगाला उचल हवी असेल, तर तिला सुमारे ११५० चौ.सें.मी. पुरेसे ठरतील. अशा वेळी वारंवार पडण्याचे कारण तिच्या कौशल्यात नव्हे, तर साधनाच्या निवडीत असते.

रोध व पंखाची ठेवण :

क्षेत्रफळ समान असूनही दोन पंख वेगळे वागतात. पंखविस्ताराच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागले असता पंखाचे गुणोत्तर मिळते. गुणोत्तर जास्त, म्हणजे पंख लांब व अरुंद असल्यास उचलीमुळे निर्माण होणारा रोध कमी होतो व फळी दूरवर सरकते. मात्र तिला कलविणे व वळविणे जड जाते. आखूड व रुंद पंख सहज वळतो, पण अधिक शक्ती मागतो. कमी वेगात उचलीमुळे होणारा रोध प्रभावी असतो, तर जास्त वेगात पाण्याचे घर्षण व पंखाची जाडी. म्हणूनच शर्यतीचे पंख लहान व पातळ, तर शिकाऊ पंख मोठे व जाड असतात.

निवडीचा क्रम :

१) चालक व साहित्य यांचे एकूण वजन मोजावे.
२) वारा, लाट किंवा ओढणारी नौका यांपासून सहज मिळू शकणारा वेग ठरवावा.
३) वरील सूत्राने क्षेत्रफळ काढावे. नवशिक्याने त्यात थोडी वाढ करावी, परंतु ती वजनाच्या प्रमाणातच असावी.
४) त्यानंतर गुणोत्तर, मागचा पंख व दांड्याची लांबी यांचा विचार करावा. उथळ पाण्यात लांब दांडा तळाला आपटण्याचा धोका असतो.

पंखाच्या कडा धारदार असू शकतात; म्हणून योग्य आकार निवडूनही शिरस्त्राण व संरक्षक जाकीट आवश्यकच आहे.

निष्कर्ष :

सर्वांसाठी योग्य असा एकच आकार नाही. वजन आणि वेग यांवरून तो ठरतो. उत्पादकाचा तक्ता हा प्रारंभबिंदू मानून त्यातील आकडा स्वतःच्या वजनाशी ताडून पाहणे हितावह आहे. हे गणित पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सोडविता येते. भौतिकशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांनी ते एकत्रितपणे शिकविल्यास सूत्राला अर्थ प्राप्त होईल व खेळाडूची सुरक्षितताही वाढेल.